आजोबांच्या गोळ्या आणि लपवलेली बाटली

माणूस निवृत्त होऊन घरी बसला की त्याच्या उशाशी दोन वस्तू जमा होतात. एक म्हणजे गोळ्यांची पिशवी. ती सर्वांना दिसते. दुसरी म्हणजे बाटली. ती दिसत असूनही घरात कोणी पाहिली असे म्हणत नाही. गिरणी, गोदी, रेल्वे, सफाईखाते अशा अंगमेहनतीच्या कामात ज्यांचा जन्म गेला, त्यांतील कित्येकांना संध्याकाळच्या घोटाची सवय तिथेच लागली. नोकरी सुटली, सवय राहिली. त्यात बीपी आणि साखरेच्या गोळ्यांची भर पडली.

आपल्या घरांत या गोष्टीला आणखी एक पदर आहे. पंचशीलातील पाचवे शील आणि १९५६ साली नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांतील एक प्रतिज्ञा दारूविरुद्धच आहे. म्हणून दारू शिरलेल्या घराला लाज वाटते. लाज वाटण्यात गैर काही नाही. पण हीच लाज दवाखान्याच्या दारापर्यंत जाते तेव्हा जिवावर बेतते. डॉक्टर विचारतात, "आजोबा, काही घेता का?" आजोबा खाली पाहतात आणि शेजारी उभा असलेला मुलगा घाईने सांगतो, "नाही साहेब, आमच्यात चालत नाही." त्या उत्तरावर विसंबून डॉक्टर गोळ्या लिहून देतात.

मधुमेहाचेच पाहा. ग्लिमेपिराईड, ग्लिबेनक्लामाईड यांसारख्या गोळ्या रक्तातील साखर खाली आणतात. पोटात अन्न नसले की यकृत आपल्या साठ्यातून आणि नवी तयार करून साखर रक्तात सोडते. दारू पोटात गेली की नवी साखर तयार करण्याचे काम मंदावते. संध्याकाळी गोळी घेतली, वर एक क्वार्टर मारली आणि न जेवता झोपले, तर रात्री साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. अशा माणसाला घाम सुटतो, हात थरथरतात, जीभ अडखळते, तो भलतेच बोलतो, तोल जातो. ही सारी लक्षणे दारू चढलेल्या माणसासारखीच! तोंडाला वास असतोच. घरचे वैतागून म्हणतात, "पडू द्या, उतरली की उठतील." आणि सकाळी ते उठत नाहीत. म्हणून मधुमेहाचा रुग्ण असा दिसला की आधी साखर तपासावी. यंत्र नसेल आणि माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर साखरेचे पाणी पाजावे आणि दवाखाना गाठावा, कारण या गोळ्यांनी उतरलेली साखर एकदा वर येऊन पुन्हा उतरते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, सरळ इस्पितळात न्यावे. भांडण उद्या करता येईल.

"एवढी तर मी तीस वर्षे घेतोय," असे आजोबा म्हणतात. ते खरे असेल. पण वय वाढते तसे शरीरातील पाणी कमी होते, म्हणून तेवढीच दारू रक्तात जास्त भिनते. बीपीच्या गोळीबरोबर ती गेली की रात्री लघवीला उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि मोरीपाशी माणूस कोसळतो. खुब्याचे हाड मोडले की घरातील एक कमावते माणूस सुट्टीवर बसलेच म्हणून समजा. झोपेची गोळी आणि दारू यांची जोडी तर सर्वांत वाईट. दोन्ही मेंदूला गुंगी आणतात, श्वास मंदावतो.

आणि केवळ आजोबांनाच बोल का लावावा? आजींचे गुडघे दुखतात, म्हणून शेजारणीकडची गोळी आणली जाते. झोप येत नाही, म्हणून आजोबांच्या पाकिटातली अर्धी मोडून घेतली जाते. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या विकताना मेडिकलवाल्याने चिठ्ठी पाहून वेगळ्या वहीत नोंद करावी, असा नियम २०१४ पासून आहे. तरी ओळखीवर पाकीट मिळते, हे सर्वांना ठाऊक आहे. दुखण्याच्या गोळ्या रिकाम्या पोटी रोज घेतल्या तर जठरात जखम होते. वर दारू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. शौचाला डांबरासारखे काळे होऊ लागले तर वाट पाहू नये. खोकल्यावर ब्रँडीचे दोन चमचे देणाऱ्या सुनांनाही आमची विनंती आहे की, तो चमचा बंद करा.

आता एक इशारा, विशेषतः उत्साही तरुणांसाठी. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की मुले बाटल्या फोडतात आणि म्हाताऱ्याला कोंडून ठेवतात. हेतू चांगला, पण रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की पहिल्या एकदोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढे तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो भिंतीवर किडे दिसतात म्हणून ओरडतो, माणसे ओळखत नाही. त्याला वेड लागलेले नसते की कुठली बाधा झालेली नसते. तो आजार आहे, वेळेवर उपचार न झाल्यास प्राण जातो. तेव्हा दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. १४४४६ या सरकारच्या मोफत व्यसनमुक्ती क्रमांकावर विचारता येते. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करीत आहे.

पुढच्या खेपेला केसपेपर काढाल तेव्हा घरातील सगळी पाकिटे, खोकल्याची बाटली, आसव-अरिष्टे, शेजारणीची गोळी असे सारे एका पिशवीत घालून न्या. आसव-अरिष्टांतही थोडा मद्यार्क असतोच. आजोबांना चारचौघांत बोलायची लाज वाटत असेल, तर मुलाने एका चिठ्ठीवर रोज किती, कधी आणि कोणती घेतात एवढे लिहून ती केसपेपरखाली सरकवावी.