शब्दांचा ताल आणि समीक्षेचे मौन

रॅप हे संगीत नव्हे, कविता तर नव्हेच, आणि आपल्या संस्कृतीशी त्याचे कसलेही नाते नाही, अशी तीन विधाने मराठी साहित्यव्यवहारात अलीकडे वारंवार केली जातात. ती करणाऱ्यांनी रॅपची एखादी रचना शेवटपर्यंत ऐकलेली असते असे मात्र क्वचितच दिसते. हिप-हॉपविषयीचा हा निकाल परीक्षणाआधीच लागलेला आहे. या निकालाची तपासणी करावयाची तर ती भिलाईत करणे सर्वाधिक उद्बोधक ठरेल.

भिलाईचा पोलाद कारखाना १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिला. सेक्टरांच्या आखीव रचनेत देशाच्या सर्व भागांतून आलेली कुटुंबे वसली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. या आधुनिक नगराच्या शेजारी, गनियारी या खेड्यात, पारधी समाजातील तीजनबाईंचा जन्म झाला. आजोबा ब्रजलाल यांच्याकडून ऐकून ऐकून त्यांनी महाभारताची कथा आत्मसात केली. पंडवानीच्या दोन शैली आहेत. वेदमती शैलीत गायक बसून गातो. कापालिक शैलीत तो उभा राहतो, चालतो, अभिनय करतो. स्त्रियांनी गायचे तर बसून गायचे, असा संकेत होता. तीजनबाई उभ्या राहिल्या. त्यांच्या हातातील तंबुरा कधी भीमाची गदा झाला, कधी अर्जुनाचे धनुष्य. समाजाने त्यांना बहिष्कृत केले. पुढे हबीब तनवीर यांचे त्यांच्याकडे लक्ष गेले, भिलाई पोलाद कारखान्याने त्यांना नोकरी दिली, १९९५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आला, २००३ मध्ये पद्मभूषण आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण. ज्या कृतीसाठी बहिष्कार झाला, त्याच कृतीचा हा सन्मान होता. कृती बदलली नव्हती. ऐकणारे बदलले होते.

पंडवानीचा प्रयोग नीट ऐकणाऱ्याला रॅप सर्वस्वी परका वाटण्याचे कारण नाही. गद्य आणि गाणे यांच्या सीमेवरचे वेगवान कथन, तालावर पेललेले शब्द, प्रत्येक खंडानंतर हुंकार देणारा रागी, आणि समोरच्या श्रोत्याला थेट केलेले आवाहन, ही सारी सामग्री येथे आहे. महाराष्ट्रात रागीचे काम झीलकरी करतो. कलगी आणि तुरा यांच्या फडांत रात्ररात्र चालणारे सवाल-जवाब, प्रतिपक्षाला कोड्यात पाडणारी भेदिक लावणी, जिंकल्याची जाहीर प्रौढी, हे सर्व ज्यांनी आपल्या वाङ्मयेतिहासात अभिमानाने नोंदवले, त्यांनीच दोन रॅपरांच्या शब्दद्वंद्वाला उथळ म्हणावे, यातली विसंगती उघड आहे.

परंतु येथे उलट बाजूच्या सोप्या समाधानालाही नकार द्यावा लागेल. ‘रॅप म्हणजे आपला पोवाडाच’ असे सांगून आधुनिकतेचे प्रमाणपत्र मिळवणारे उत्साही लोक हिप-हॉपचे आणि पोवाड्याचेही नुकसान करतात. शाहीर दुसऱ्याच्या पराक्रमाचे गायन करतो. पंडवानीची गायिका भीम होते आणि पुन्हा स्वतःकडे परतते. रॅपचा कर्ता मात्र बहुधा स्वतःच्याच नावाने, स्वतःच्या गल्लीच्या पत्त्यासह बोलतो. हा ‘मी’ १९७३ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात कूल हर्क याने भरवलेल्या मेळाव्यापासून आकारास आला. महामार्गासाठी फोडलेल्या, आगींनी उजाड झालेल्या त्या वस्तीतील कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांकडे वाद्ये नव्हती. तबकड्या होत्या आणि आवाज होता. तबकडीतील तालाचा तुकडा लांबवून त्यावर बोलणे ही त्यांच्या अभावातून निघालेली युक्ती होती. ही उत्पत्ती पुसून रॅपला सनातन भारतीय ठरवणे म्हणजे एका वंचित समाजाची निर्मिती त्याच्या नकळत आपल्या खात्यावर जमा करणे होय.

आणि तरीही त्या ‘मी’ला मराठीत परकेपण नसावे. ब्राँक्समधील त्या मेळाव्याच्या एक वर्ष आधी, १९७२ मध्ये, नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ प्रसिद्ध झाला. त्यातील शब्दांची चौकशी प्रस्तावनाकार विजय तेंडुलकरांनाही करावी लागली होती. अश्लील, असंस्कृत, अकाव्यात्म ही विशेषणे तेव्हाही तयार होती. आज रॅपला लावली जाणारी विशेषणे त्याच जुन्या पेटीतून काढलेली आहेत.

आक्षेपकांचा एक मुद्दा मात्र गंभीर आहे. बाजारात खपणाऱ्या हिंदी रॅपचा मोठा भाग स्त्रीला वस्तू करतो, मद्याची आणि गाडीची जाहिरात करतो. हे खरे आहे आणि ते स्पष्टपणे बोलले पाहिजे. पण त्यासाठी रचना वाचावी लागते. शृंगारिक लावणीतील पुरुषी नजरेची चिकित्सा करताना कोणी लावणी या प्रकारालाच हद्दपार केले नाही. दोषाचा पत्ता रचनेत असतो, प्रकारात नसतो. ज्याला एकही रचना वेगळी काढून दाखवता येत नाही, त्याचा निषेध हा निषेध नसून तिटकारा असतो.

रचनेच्या अंगाने पाहिले तर समीक्षकाला येथे भरपूर काम आहे. मराठी वाक्य क्रियापदाने संपते. म्हणून ‘आला-गेला’, ‘करते-मरते’ अशी यमके फुकट मिळतात आणि कवीला आळशी करतात. चांगला मराठी रॅपर क्रियापद ओळीच्या पोटात ढकलतो, यमक आतल्या शब्दांत पेरतो आणि तालाच्या आघाताशी बोलीतील आघात जुळवतो. जो हे करत नाही त्याची रचना घोषणेच्या पातळीवर राहते. हा भेद सांगणे छंदःशास्त्र जाणणाऱ्यांचे काम आहे. २०१९ मध्ये ‘स्वदेसी’ या मुंबईच्या समूहाने आरेतील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासह ‘द वारली रिव्होल्ट’ ही रचना केली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतील झाडे तोडली गेली. बोली, जंगल आणि महानगर यांचा असा सांधा जुळवणारी कृती गंभीर वाङ्मयीन चर्चेस पात्र होती.

समीक्षेने ऐकायचे नाकारले म्हणून ऐकणे थांबत नाही. दुसरे कोणीतरी ऐकते. एप्रिल २०२३ मध्ये राज्यातील सत्तांतरावर टीका करणाऱ्या रॅपवरून छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगसे याच्याविरुद्ध अंबरनाथला गुन्हा नोंदवला गेला. त्याच महिन्यात उमेश खाडे या रॅपरवरही मुंबईत गुन्हा दाखल झाला. या रचनांत उपरोध कोठे आहे, अतिशयोक्ती कोठे आहे, लोकभाषेतील शिवीचे प्रयोजन काय, हे प्रश्न मुळात काव्यशास्त्राचे. ते पोलीस ठाण्यात सोडवण्याची वेळ आली, कारण ठाण्याबाहेर त्यांची चर्चा करण्याची तयारी कोणी ठेवली नव्हती. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांच्या लालबावटा कलापथकावर मुंबई सरकारने बंदी आणली, तेव्हाही सरकारला तमाशातील शब्द नेमके समजले होते. पंडितांना मात्र त्यात साहित्य दिसायला दशके लागली.

एकीकडे ठाणे आणि दुसरीकडे बाजार, असे रॅपचे आजचे दोन वाचक आहेत. पहिला त्यात गुन्हा शोधतो, दुसरा नफा. तिसऱ्या वाचकाची जागा रिकामी आहे. ती भरायची तर विद्यापीठांनी या रचनांचे बोलीनिहाय संकलन केले पाहिजे, त्यांचे शब्दार्थ टिपले पाहिजेत, त्यांतील कसदार आणि भुसा वेगळा केला पाहिजे. लोकवाङ्मयाच्या अभ्यासकांनी लावण्या आणि पोवाडे गोळा करताना हेच केले होते. फरक इतकाच, की ते बहुधा कर्ता मेल्यावर केले. तीजनबाईंच्या बाबतीत गुणग्राहकता त्यांच्या हयातीत पोहोचली, तीही बहिष्काराचा घाव बसून गेल्यानंतर. आजच्या एखाद्या सेक्टरमधील वा चाळीतील मुलाने तो घाव सोसल्यानंतरच त्याचे शब्द तपासले जाणार असतील, तर त्या विलंबाची जबाबदारी त्याच्या तालावर टाकता येणार नाही.