घाटात गाडी लावताना खालचं गवत बघा. तापलेल्या सायलेन्सरनंही वणवा लागू शकतो

वरंध : भातकापणी उरकली की वरंध परिसरातलं गवत वाळू लागतं आणि फेब्रुवारी ते मे वणव्याचे दिवस येतात. बोट दाखवलं जातं ते राब भाजणाऱ्याकडे, नाहीतर विडी टाकणाऱ्याकडे. ती कारणं खरीच आहेत. पण गाडीच्या पोटाखालच्या आगीकडे कुणाचं लक्ष नसतं.

वाळलं गवत साधारण ३०० अंशांच्या आसपास पेट घेतं. धुरातला विषारी वायू कमी करणारा कन्व्हर्टर आतून ४०० अंशांच्या वर तापतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ गाड्या आल्या. त्यातल्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. साचलेली काजळी जाळताना तो आतून ५५० ते ६०० अंशांपर्यंत जातो. बाहेरचा पत्रा तेवढा तापत नाही, पण त्याला गवत टेकलं तर ठिणगीची गरज नाही.

वरंधवरून वाघजाईपर्यंत चढ आहे. भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये चढली की सायलेन्सर जास्त तापतो. मग चहासाठी गाडी रस्त्याकडेच्या गवतात लावली जाते. गाडी थांबली की वारा लागणं बंद होतं आणि उष्णता तिथंच कोंडते.

उपाय बिनखर्चाचे आहेत. गाडी डांबरावर, मुरमावर किंवा मोकळ्या मातीवर लावावी. पेंढा वाहणाऱ्या पिकअपखाली अडकलेल्या काड्या रोज काढाव्यात, खळ्यावर गाडी पेंढ्यावर उभी करू नये. सायलेन्सरवरचा पत्रा खडखडतो म्हणून काढून टाकतात. तो उष्णता अडवण्यासाठीच असतो, त्यामुळे घट्ट बसवून घ्यावा. इंजिन मिसिंग करत असेल तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळून तो आणखी तापतो. दुरुस्ती लांबवू नये.

मात्र सगळा भार गाडीवाल्यावर टाकून चालणार नाही. घाटात थांबायला मोकळी जागा नसेल तर माणूस गवतातच गाडी घालणार. जिथं गाड्या थांबतात तिथली साइडपट्टी होळीच्या आत साफ झाली, तर धोका बराच कमी होईल. ग्रामसभेत हा विषय घ्यायला हरकत नाही. वणव्यात जळतं ते नुसतं गवत नसतं. आंबा-काजूची कलमं आणि गुरांची वैरणही जाते. कलम पुन्हा उभं राहायला वर्षं लागतात.

वणवा दिसल्यास वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावं.