ओयदिपौसचा 'दोष' नेमका कोणता?

सोफोक्लीजचा राजा ओयदिपौस गर्विष्ठ आणि शीघ्रकोपी होता, म्हणून त्याचा सर्वनाश झाला, हे विधान आता परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपुरते राहिलेले नाही. ते समीक्षेतही रुजले आहे. त्याच्या पाठोपाठ नाट्यगत उपरोध, विपर्यास, अभिज्ञान, कोरस अशी तंत्रांची यादी येते, वाणसामानाची असावी तशी. आमचा आक्षेप दोन्हींना आहे. ही तंत्रे काय करतात ते नीट पाहिले, तर स्वभावदोषाचा सिद्धान्त उभाच राहत नाही.

या मंडळींचा आधार अॅरिस्टॉटल. 'काव्यशास्त्रा'च्या तेराव्या प्रकरणात त्याने 'हामार्तिया' हा शब्द वापरला आणि ओयदिपौसचे नावही घेतले, हे खरे. परंतु नायकाचे पतन दुर्गुणामुळे होत नाही, हेही त्याने तेथेच बजावले आहे. हामार्तिया म्हणजे प्रमाद. नेम चुकणे हा त्यामागील क्रियापदाचा मूळ अर्थ. तिठ्यावर मारला तो आपला पिता आणि वरली ती आपली माता, हे ओयदिपौसला ठाऊक नव्हते, हाच तो प्रमाद. इ. आर. डॉड्स यांनी १९६६ साली हे सविस्तर मांडले. तरीही गैरसमज ठाण मांडून आहे.

आता रचना पाहा. पडदा उघडण्यापूर्वीच पितृहत्या आणि मातृविवाह होऊन कित्येक वर्षे लोटली आहेत. रंगमंचावर घडतो तो केवळ शोध. मग तिरेसिअसवर आणि क्रेऑनवर काढलेला राग त्या कृत्यांचे कारण कसा ठरेल? तिठ्यावरच्या रागाकडे कुणी बोट दाखवील. पण तेथे आधी त्याला वाटेवरून बळाने हुसकावले गेले, डोक्यावर पराणीचा घाव बसला. शिवाय लायसला मिळालेली भविष्यवाणी मूल जन्मण्यापूर्वीची. जन्मायच्या आधी कसला आला स्वभावदोष?

उपरोधाचेही तसेच. राजा खुन्याला शाप देतो, लायससाठी जणू स्वतःच्या पित्यासाठी लढावे तसा लढेन म्हणतो, आणि कथा जाणणारा प्रेक्षक शहारतो. हा उपरोध गर्विष्ठाची फजिती करीत नाही. ओयदिपौस राजधर्म जितक्या निष्ठेने पाळतो, तितका फास आवळत जातो, हे त्याचे मर्म आहे. कॉरिंथचा निरोप्या येतो तो राजाची भीती घालवायला. पॉलिबस तुझा पिता नव्हेच, असे तो सांगतो आणि त्या दिलाशातूनच अनर्थ उघडा पडतो. विपर्यासाचे उदाहरण म्हणून अॅरिस्टॉटलने हाच प्रसंग दिला आहे. आणि तो मेंढपाळ? त्याने दया येऊन अर्भक वाचवले होते. दोषाला शिक्षा हा या नाटकाचा न्याय असेल, तर ही दया कोणत्या रकान्यात घालायची?

योकास्टाला सत्य आधी उमगते. ती शोध थांबवण्याची विनवणी करते. ओयदिपौस थांबत नाही. या क्षणी त्याला हट्टी म्हणणारे समीक्षक, आमच्या मते, त्याची थोरवीच दोषांच्या खात्यात मांडतात.

कोरस उन्मत्तपणाविरुद्ध गातो, असे कुणी म्हणेल. गातो खरा, परंतु ते सत्य न कळलेल्या, भयभीत वृद्धांचे गाणे आहे. सत्य उघड झाल्यावर हाच कोरस मानवी सुखाच्या क्षणभंगुरतेविषयी बोलतो, राजाच्या दुर्गुणांविषयी नव्हे. खुद्द सोफोक्लीजच्या अखेरच्या, इ. स. पूर्व ४०१ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर रंगभूमीवर आलेल्या कोलोनसच्या नाटकात ओयदिपौस आपण हे अजाणता केले असे ठामपणे सांगतो.

मग दोष शोधण्याची एवढी हौस का? 'करावे तसे भरावे' या म्हणीत मोठा आराम आहे. दुःखात पडलेल्याचेच काहीतरी चुकले असणार, असे एकदा ठरवले की आपण सुरक्षित आणि जगही न्यायी. सोफोक्लीज नेमका हाच आराम हिरावून घेतो. वर्गावर्गांतून तो विद्यार्थ्यांना परत मिळवून देणे ही नाटकाशी प्रतारणा आहेच. पण उद्या समोर येणाऱ्या दुःखिताकडे संशयाने पाहायची सवयही त्यातून लागते, ही आमची खरी तक्रार आहे. पु. ल. देशपांडे यांचा 'राजा ओयदिपौस' हा अनुवाद मराठीत आहे. तो उघडावा, आणि दोषांची यादी करण्यापूर्वी एकदा त्या मेंढपाळाचा प्रवेश वाचावा.