डबा आधी, वूफर नंतर

परवा भाच्याचा फोन आला. पहिल्या पगारातून गाडीत सबवूफर बसवायचाय म्हणे. "मामा, बारा इंची, दोन हजार वॅट, डिकीभर डबा!" म्हटलं, थांब जरा. या खड्ड्यात मी आधीच पडून आलोय.

मीही असाच दुकानात गेलो होतो. काचा थरथरल्या, मी खूश! बारा इंची वूफर आणि भोकवाला तयार डबा घेऊन आलो. त्याच संध्याकाळी बाबांना फिरवायला नेलं. बाबांनी उमेदीत तबला वाजवलेला. आता कान गेलेत. पण वयानुसार आधी वरचे बारीक आवाज जातात, खर्ज बराच टिकतो. तबल्याची चाट त्यांना नीट ऐकू येत नाही, डग्गा मात्र येतो. म्हणून तर एवढा खर्च केला होता. पाच मिनिटांत म्हणाले, "बंद कर रे. हा डग्गा नाही, कोणीतरी पिंप बडवतंय." त्यानंतर गाडीत गाणं लाव असं ते म्हणालेच नाहीत.

त्यांचं बरोबर होतं. भोकाचा, म्हणजे पोर्टेड डबा एका ठरावीक कंपनसंख्येच्या आसपास जोर देतो. डबा वूफरच्या मापाचा नसला की तेवढाच एक सूर फुगतो. मग तळहात सरकवून काढलेला घिस्सा कसला ऐकू येणार? सगळं नुसतं धप्प.

शेवटी दहा इंची वूफर घेतला आणि कंपनीच्या कागदावर दिलेल्या मापाचा, साधारण २५ लिटरचा बंद डबा सुताराकडून करून घेतला. १८ मिमी एमडीएफ, सांधे हवाबंद. बंद डब्याचा आवाज खाली जाताना हळूहळू उतरतो, सप्तकामागे १२ डेसिबल. पोर्टेडचा २४ ने कोसळतो. शिवाय काचा लावलेली छोटी गाडी स्वतःच खर्जाला उठाव देते, त्यामुळे बंद डब्याची कमतरता बरीचशी भरून निघते.

भोकवाला डबा वाईटच असं नाही. तेवढ्याच वॅटमध्ये तो जास्त दणदणीत वाजतो. डीजेची गाणी ऐकायची तर जरूर घ्यावा, पण त्या वूफरसाठी हिशोब करून बनवलेला. आणि खोक्यावरचे दोन हजार वॅट विसरायचे, आरएमएस किती ते विचारायचं. वॅट दुप्पट केले तरी वाढतात फक्त ३ डेसिबल!

माझं मत विचाराल तर वूफर सगळ्यात शेवटी निवडावा. आधी काय ऐकायचं आणि मागच्या सीटवर कोण बसणार ते ठरवावं, मग डबा. दुकानात आपण नेमकं उलटं करतो.

असो. परवा बाबांना डॉक्टरांकडे घेऊन चाललो होतो. आरशात पाहिलं तर डोळे मिटलेले, आणि गुडघ्यावर बोटं ठेका धरत होती. भाच्याला एवढंच सांगितलं, आजोबांना घेऊन दुकानात जा.