आधी आंघोळ, मग उडी

मागच्या महिन्यात आपल्या मराठी वर्गाची तलावावरची सहल झाली. आम्ही मोठ्या गटातली सात मुले-मुली कपडे बदलून धावत सुटलो आणि उडी मारणार तोच लाइफगार्डने शिट्टी वाजवली. "आधी शॉवर घ्या," एवढेच ती म्हणाली. सगळ्यांच्या देखत परत फिरावे लागले. आमच्यातला एकजण मराठीत पुटपुटलाही, "आपण ब्राउन आहोत ना, म्हणून." रागारागाने आम्ही बाकावर जाऊन बसलो. पाच-दहा मिनिटांत तिने एका गोऱ्या आजोबांना परत पाठवले, मग एका शाळेच्या आख्ख्या टीमला. तेव्हा आम्ही मुकाट्याने उठलो.

घरी सांगितले तर घरोघरी एकच उत्तर: "सकाळी आंघोळ करून गेला होतात ना?" खरे आहे, आपल्याला आंघोळ कोणी शिकवायला नको. आमच्यातल्या एकीची आजी आंघोळ न केलेल्याला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाही. पण सकाळच्या आंघोळीनंतर दोन तास वर्ग झाला, पार्किंग लॉटमध्ये क्रिकेट झाले, वर सनस्क्रीन चोपडले. शिवाय डोक्यावर रविवारचे खोबरेल होतेच! ते सगळे घेऊन आम्ही इतरांच्या पाण्यात उतरणार होतो.

तलावावर नाकात जातो तो उग्र वास स्वच्छतेचा, असे आम्ही समजत होतो. तो निव्वळ क्लोरीनचा नसतो. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन्स तयार होतात, त्यांचा तो वास. डोळे लाल होतात, खोकला येतो, तेही त्यांच्यामुळेच. आणि त्यात क्लोरीन खर्ची पडले की जंतू मारायला तेवढे कमी उरते. पाण्यात उतरण्याआधी एक मिनिट शॉवर घेतला तरी अंगावरची बरीचशी घाण निघून जाते, असे अमेरिकेचे सीडीसी हे सरकारी आरोग्य खाते सांगते. एक मिनिट! आपल्या वर्गाची हजेरीसुद्धा एवढ्यात होत नाही.

लघवीबद्दल लिहावे की नाही यावर आमच्यात वाद झाला. ताई म्हणाल्या, लिहा. तर २०१७ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी, शरीरात न पचता लघवीतून बाहेर पडणाऱ्या एका कृत्रिम गोड पदार्थावरून हिशेब मांडला. ८,३०,००० लिटरच्या तलावात लघवी निघाली अंदाजे ७५ लिटर. पाणी निळे होऊन चोर पकडला जातो, असे आई-बाबांनी लहानपणी सांगितले होते. तसला रंग कुठल्याच तलावात घातलेला नसतो. तेव्हा धाक घालण्यापेक्षा धाकट्यांना दर तासाला बाहेर काढून बाथरूमला न्यावे. आणि ज्याला जुलाब होत असतील त्याला घरीच ठेवावे, सहल कितीही दिवसांपासून ठरलेली असो. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू क्लोरीनच्या पाण्यातही सात दिवसांहून अधिक जगतो.

आता आमची तक्रार. तिथले शॉवर उघडे, ओळीने, मध्ये पडदा नाही. लाज वाटते, म्हणून कितीतरी जण टाळतात. आइसलँडमध्ये पोहण्याआधी कपडे काढून साबणाने आंघोळ करावीच लागते, आणि कुठले अवयव धुवायचे त्याचे चित्र भिंतीवर लावलेले असते. तेवढे धैर्य आमच्यात नाही. पोहण्याच्या कपड्यांतच शॉवर घेतला तरी काहीच न घेण्यापेक्षा बरे, असे आमचे मत. पण पडदे लावायला कितीसा खर्च येतो? तसे पत्र आम्ही तलावाच्या मॅनेजरना लिहिले आहे, खाली सातही जणांच्या सह्या आहेत. उत्तर अजून आलेले नाही.

पुढची सहल वर्ग संपल्यावर जूनमध्ये आहे. पालकांनी वीस मिनिटे आधी यावे आणि डब्यांबरोबर साबणही आणावा. शॉवरच्या दाराशी आम्ही उभे असू. काका-काकूंनाही सूट नाही.