विश्लेषण : धुक्यात विमान उतरणार की परतणार, हे कोण ठरवतं? धावपट्टीशेजारचं ‘आरव्हीआर’ यंत्र कसं काम करतं?

कोहमारा (जि. गोंदिया) : हिवाळ्यातल्या पहाटे राष्ट्रीय महामार्ग ५३ वर साकोलीकडून देवरीकडे जाणारा ट्रकचालक धुकं दाटलं की वेग कमी करतो, दिवे लावतो आणि फारच झालं तर कोहमाऱ्याच्या चौकात गाडी बाजूला घेऊन चहा पितो. पुढचं किती दिसतंय, याचा निर्णय त्याचा तोच घेतो. याच चौकातून गोरेगावमार्गे गोंदियाकडे रस्ता जातो. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर येणाऱ्या वैमानिकाला मात्र अशी मोकळीक नसते. त्याला ‘किती दिसतंय’ याचा आकडा मीटरमध्ये लागतो, आणि आकडा मर्यादेखाली असेल तर उतरण्याचा प्रयत्नही करता येत नाही.

हा आकडा येतो कुठून? तो किती भरवशाचा असतो? आणि गोंदियासारख्या लहान विमानतळासाठी त्याचं महत्त्व काय?

बिरसीचा संदर्भ का?

बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. पुढे तिचा विस्तार झाला आणि वैमानिक घडवणारी ‘नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट’ इथे आली. १३ मार्च २०२२ रोजी इंदूर-गोंदिया-हैदराबाद अशी प्रवासी सेवा सुरू झाली, पण ती टिकली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये दुसऱ्या कंपनीने हैदराबादमार्गे तिरुपतीसाठी विमान सुरू केलं.

गोंदिया हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. ओलसर जमीन, निरभ्र रात्र आणि वारा पडलेला असेल, तर जमीन झपाट्याने थंड होते आणि तिच्यालगतच्या हवेतली वाफ गोठून नव्हे, तर सूक्ष्म थेंब होऊन तरंगते. हेच धुकं. दृश्यमानता १,००० मीटरच्या खाली गेली की हवामानशास्त्र त्याला ‘धुकं’ म्हणतं. त्यावर असेल तर ते धुरकं किंवा विरळ धुकं.

दृश्यमानता आणि आरव्हीआर एकच का?

नाही. दृश्यमानता म्हणजे विमानतळ परिसरात साधारण किती लांबचं दिसतं. पूर्वीपासून हवामान निरीक्षक ठरावीक अंतरावरच्या खुणा, म्हणजे टाकी, मनोरा किंवा झाड पाहून ती सांगतात.

‘रनवे व्हिज्युअल रेंज’ म्हणजे आरव्हीआर ही त्याहून नेमकी गोष्ट आहे. धावपट्टीच्या मध्यरेषेवर असलेल्या वैमानिकाला धावपट्टीवरच्या खुणा किंवा दिवे किती अंतरापर्यंत दिसतील, ते आरव्हीआर सांगतो. दृश्यमानता किंवा आरव्हीआर १,५०० मीटरच्या खाली गेला की हा आकडा द्यायला सुरुवात होते.

यंत्र काय मोजतं?

धावपट्टीच्या बाजूला, जमिनीपासून सुमारे अडीच मीटर उंचीवर दोन डोकी असलेलं यंत्र असतं. एक डोकं प्रकाश सोडतं, दुसरं पकडतं. सोडलेल्यापैकी किती प्रकाश पोहोचला, यावरून हवा किती गढूळ आहे ते कळतं. हे ‘ट्रान्समिसोमीटर’.

समजा दोन डोक्यांमधलं अंतर ३० मीटर आहे. दृश्यमानता ३०० मीटर असेल तर सुमारे ७४ टक्के प्रकाश पलीकडे पोहोचतो. ३ किलोमीटर असेल तर ९७ टक्के. आता काचेवर धूळ बसून केवळ एक टक्का प्रकाश अडला, तर ३ किलोमीटरची दृश्यमानता यंत्राला सव्वादोन किलोमीटर वाटेल. पण ३०० मीटरच्या दाट धुक्यात तीच धूळ फक्त १० मीटरचा फरक पाडेल. म्हणजे जिथे धोका जास्त, तिथे यंत्र अधिक भरवशाचं. तरीही काच पुसणं आणि यंत्राची नियमित तपासणी हे काम टाळता येत नाही.

दुसरा प्रकार ‘फॉरवर्ड स्कॅटर मीटर’. धुक्याच्या थेंबांवर आपटून बाजूला विखुरलेला प्रकाश तो मोजतो. तो आकाराने लहान आणि बसवायला सोपा असतो.

मिळालेल्या मोजमापात आणखी दोन गोष्टी मिसळतात : आजूबाजूचा उजेड आणि धावपट्टीच्या दिव्यांची तीव्रता. म्हणूनच धुकं तेवढंच असूनही रात्री आरव्हीआर जास्त येऊ शकतो, कारण अंधारात दिवा लांबून दिसतो.

यंत्रं कुठे बसवतात?

विमान टेकतं त्या भागात, मध्यभागी आणि धावपट्टीच्या शेवटाकडे. धुकं सगळीकडे सारखं नसतं. एका टोकाला २०० मीटर आणि दुसऱ्या टोकाला ८०० मीटर असंही होतं. साध्या वर्गाच्या धावपट्टीवर विमान टेकण्याच्या भागातलं एक यंत्र पुरतं, वर्ग वाढला की संख्या वाढते.

भारतात बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने (एनएएल) ‘दृष्टी’ हा देशी ट्रान्समिसोमीटर विकसित केला. भारतीय हवामान विभागाच्या सहकार्याने तो दिल्लीसह अनेक विमानतळांवर बसवला गेला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने (आयआयटीएम) तर २०१५ च्या हिवाळ्यापासून दिल्ली विमानतळावर धुक्याचा खास अभ्यास सुरू केला.

आकड्यावरून निर्णय कसा होतो?

इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टीमच्या (आयएलएस) वर्गानुसार किमान मर्यादा ढोबळमानाने अशा :

• कॅट-१ : आरव्हीआर ५५० मीटर
• कॅट-२ : ३०० मीटर
• कॅट-३ ए : १७५ मीटर
• कॅट-३ बी : ५० मीटरपर्यंत

ताशी २०० किलोमीटर वेगाने येणारं विमान ५५० मीटर अंतर १० सेकंदांत कापतं. तेवढ्यात दिवे दिसणं, विमान सरळ रेषेत आहे याची खात्री करणं आणि उतरायचं की नाही हे ठरवणं, सगळं उरकायचं असतं. विमान धावपट्टीपासून १,००० फूट उंचीवर येईपर्यंत आरव्हीआर मर्यादेखाली असल्याचं कळलं, तर वैमानिकाला त्याखाली यायची मुभा नसते. घिरट्या घालायच्या किंवा दुसरा विमानतळ गाठायचा.

प्रशिक्षणार्थींसाठी मर्यादा आणखी कडक. डोळ्यांनी पाहून करायच्या उड्डाणाला साधारण ५ किलोमीटर दृश्यमानता लागते. त्यामुळे ज्या सकाळी प्रवासी विमान उतरू शकतं, त्याच सकाळी प्रशिक्षण विमानं उभी असू शकतात.

मग यंत्र बसवलं की काम झालं?

इथेच गल्लत होते. यंत्र धुकं हटवत नाही आणि मर्यादाही खाली आणत नाही. कमी आरव्हीआरमध्ये उतरायला आयएलएस, धावपट्टीचे विशेष दिवे, तशी सोय असलेलं विमान आणि तसं प्रशिक्षण घेतलेले वैमानिक, हे चारही लागतात. एक जरी नसेल तरी विमान परततं. म्हणूनच दिल्लीत कॅट-३ धावपट्ट्या असूनही दाट धुक्याच्या दिवशी उड्डाणं रद्द होतात.

दृश्यमानता फक्त धुक्यानेच घटते असंही नाही. १४ सप्टेंबर २०२३ रोजी विशाखापट्टणमहून आलेलं खासगी लिअरजेट मुंबईत उतरताना धावपट्टीवरून घसरलं, तेव्हा जोरदार पावसात दृश्यमानता ७०० मीटर होती. विमानातले आठही जण वाचले.

गोंदियासाठी याचा अर्थ काय?

दिवसाला मोजकी उड्डाणं असलेल्या विमानतळावर कॅट-३ चा खर्च परवडणारा नाही. बहुतेक धुकं ऊन वर आलं की विरतं. विमानाची वेळ थोडी उशिराची ठेवणं हा त्याहून स्वस्त उपाय. पण भरवशाचं मोजमाप ही चैन नाही. आकडा वेळेत आणि अचूक मिळाला, तर हैदराबादहून निघण्याआधीच ‘थांबा’ म्हणता येतं. नाही मिळाला, तर प्रवासी गोंदियाच्या आभाळात येऊन नागपुरात उतरतात. आणि मोजमापाची नोंद वर्षानुवर्षं साठत गेली, तर वेळापत्रक अंदाजावर नव्हे, आकड्यांवर ठरवता येतं.

महामार्गाला ही सोय नाही. ५० मीटर दिसत असताना ताशी ८० किलोमीटरने जाणाऱ्या ट्रककडे सव्वादोन सेकंद असतात. तिथे ‘परत फिरा’ म्हणणारं कुणी नसतं. धुक्यात वेग आपणच कमी करायचा.