बालशिक्षण : खडीच्या ढिगांतील स्फटिक

चेंबूरमध्यें 'डायमंड गार्डन' या नांवाची बाग आहे. 'हिरे कोठें आहेत?' असें एखाद्या बालकानें तेथें विचारलें, तर वडील माणसें हंसून विषय टाळतात. आमच्या मतें हा प्रश्न टाळण्याजोगा नव्हे. हिरे तेथें नसले, तरी त्याच उपनगरांत नव्या इमारतींसाठीं पडलेल्या खडीच्या ढिगांत पाहण्याजोगे स्फटिक कधीं कधीं सांपडतात.

ही खडी बेसाल्टाची, म्हणजे आपल्या काळ्या दगडाची. पाटा-वरवंटा त्याचाच; ट्रॉंबेची टेकडीहि मुख्यतः त्याचीच. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून तप्त शिलारस वाहिला व थरांवर थर साचून दख्खनचें पठार बनलें. रस लवकर निवाल्यामुळें त्यांतील कण इतके बारीक राहिले कीं ते नुसत्या डोळ्यांस दिसत नाहींत. परंतु वायूच्या बुडबुड्यांनीं ज्या पोकळ्या राहिल्या, त्यांत मागाहून ऊन पाणी झिरपलें आणि त्यांत विरघळलेलीं द्रव्यें सावकाश भिंतींवर जमलीं. गारेचे, कॅल्साइटचे व झिओलाइटचे स्फटिक ते हेच. झिओलाइट तापविला असतां त्यांतील पाणी उकळून बाहेर पडतें. म्हणून क्रोनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७५६ सालीं त्यास 'उकळणारा दगड' अशा अर्थाचें हें ग्रीक नांव दिलें.

पांच वर्षांच्या मुलास मात्र हें सारें ऐकवूं नये. त्याच्या हातांत खडा व एक भिंग द्यावें आणि काय दिसतें तें त्यासच सांगूं द्यावें. नांवें मागाहून. दगड फोडणें झाल्यास तें वडिलांनीं, डोळ्यांवर चष्मा लावून व मुलांस दूर ठेवून करावें. थोड्या मोठ्या मुलांस परीक्षा शिकवाव्या : गारेनें कांचेवर ओरखडा उठतो, कॅल्साइटनें उठत नाहीं, कॅल्साइटवर शिर्क्याचा थेंब टाकल्यास बुडबुडे येतात.

'याला इतक्या सरळ कडा कोणी पाडल्या?' हा प्रश्न मग ठरलेलाच. त्याचें उत्तर तुरटी देईल. कढत पाण्यांत मावेल तितकी तुरटी विरघळवावी व पाणी दोन पेल्यांत ओतावें. एक पेला बर्फांत ठेवावा. दुसरा निवल्यावर त्यांत तुरटीचा बारीक खडा दोऱ्यानें टांगून, कांहीं दिवस न हालवितां ठेवावा. पहिल्यांत नुसता चुरा बसेल. दुसऱ्यांत आठ पैलूंचा खडा वाढूं लागेल. स्फटिक कोणी कापीत नाहीं, तो वाढतो, आणि त्यास जागा व अवधि लागतो, हें मुलास व्याख्यानावांचून कळेल.

आपल्या देवघरांतहि असा लहानसा संग्रह असतो. नर्मदेचा बाण, गंडकीचा शाळिग्राम, सूर्याचा स्फटिक. पुष्कळ शाळिग्रामांत तर प्राचीन समुद्रांतील प्राण्याच्या शंखाचा ठसा असतो. पूजा संपल्यावर आजोबांनीं तो नातवास अवश्य दाखवावा. शिर्डीस जातांना सिन्नर येथें 'गारगोटी' हें खनिजांचें संग्रहालयहि पाहतां येईल.

एक पथ्य मात्र पाळावें. मुलानें खडा आणून दाखविला कीं, 'याची किंमत काय?' किंवा 'हा कोणत्या राशीस लाभतो?' हे प्रश्न घरांत प्रथम निघूं नयेत. बाजारांत ह्याच स्फटिकांना रोग बरे करणारे म्हणून विकतात. त्यास कसलाहि आधार नाहीं. 'हा झाला कसा?' असें विचारण्याची संवय ज्या वयांत लागते, त्याच वयांत ती मोडतेहि. ती मोडूं न देणें आईबापांच्याच हातीं आहे.